दुसऱ्याचं जनावर : गुराख्यापासून पेट सिटरपर्यंत

'अभ्यास कर, नाहीतर गुरं राखायला जाशील.' हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात सहसा कुणी इंजिनिअर होत नाही. गंमत अशी, की आज नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटांमध्ये चांगली शिकलेली माणसं पैसे घेऊन दुसऱ्यांची जनावरंच राखत आहेत. फक्त गुरांच्या जागी लॅब्रॅडॉर, इंडी आणि पर्शियन मांजरं आली आहेत, आणि कामाला पेट सिटिंग किंवा होम बोर्डिंग म्हणतात.

या कामाचा हंगाम ठरलेला असतो. दिवाळी, लग्नसराई, मे महिना. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज पडतो : 'तीन रात्री, मेल, चार वर्षांचा, व्हॅक्सिनेशन झालंय, खाणं आम्ही देऊ.' ज्यांना हा व्यवसाय सुरू करायचा असतो, त्यांना भांडवल फारसं लागत नाही. एक मोकळी खोली, जाळी लावलेली बाल्कनी, घरात कायम कुणीतरी असणं, आणि जीव लावण्याची सवय. त्यामुळे हे काम नवं, सोपं आणि थोडंसं परदेशी वाटतं.

ते सोपं नाही, हे पहिल्या अडचणीत कळतं. फटाक्यांना घाबरून कुत्रा दारातून सटकला तर जबाबदार कोण? रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, डॉक्टरचं बिल झालं, ते कुणी भरायचं? कुत्रा चावतो हे मालकानं सांगितलंच नव्हतं आणि सांभाळणाऱ्याच्या मुलाला चावा बसला, तर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे जनावर सांभाळणाऱ्याच्या घरीच गेलं, तर मालकाला काय सांगायचं आणि त्यानं ते कशावरून खरं मानायचं?

असे प्रसंग आले की दोन्ही बाजू 'आम्ही तर घरच्यासारखं समजत होतो' इथून सुरुवात करतात आणि एकमेकांना ब्लॉक करण्यापर्यंत पोचतात. मधली कुठलीही पायरी ठाऊक नसते, कारण हे काम नवं आहे आणि त्याला नियम नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात दुसऱ्याचं जनावर सांभाळणं हा आपल्याकडच्या सर्वांत जुन्या व्यवहारांपैकी एक आहे. त्याचे नियम होते, त्यावरून भांडणं होती, शिक्षा होत्या. वरच्या चारही प्रश्नांची उत्तरं कुणी ना कुणी, कधी ना कधी, लिहून ठेवलेली आहेत.

सकाळी जसं दिलं तसं

प्राचीन धर्मशास्त्रांत भांडणांचे अठरा प्रकार मानले आहेत. कर्ज, ठेव, भागीदारी, मजुरी, जमिनीची हद्द वगैरे. या यादीत एक स्वतंत्र प्रकार आहे : स्वामिपालविवाद. स्वामी म्हणजे जनावराचा मालक, पाल म्हणजे ते राखणारा. या दोघांतली भांडणं इतकी नेहमीची होती की त्यांना वेगळं प्रकरण द्यावं लागलं.

याच यादीत ठेवीचं, म्हणजे निक्षेपाचं, प्रकरण वेगळं आहे. कुणाकडे सोन्याची थैली ठेवायला देणं आणि कुणाकडे गाय राखायला देणं, या दोन गोष्टी शास्त्रकारांनी एकत्र केल्या नाहीत. थैली कोनाड्यात पडून राहते. गाय चरते, पळते, आजारी पडते, विते. तिच्यासाठी नियम वेगळे लागणार, हे त्यांना उघड दिसत होतं.

याज्ञवल्क्यस्मृतीतला मूळ नियम साधा आहे. सकाळी जशी जनावरं ताब्यात दिली, तशीच राखणाऱ्यानं ती संध्याकाळी परत करावीत. त्याच्या निष्काळजीपणानं एखादं मेलं किंवा हरवलं तर त्यानं ते भरून द्यावं. हा ग्रंथ आपल्यापासून फार लांबचा नाही. विज्ञानेश्वरानं त्यावर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या सुरुवातीला. ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. पुढे इंग्रजी कोर्टांनीही महाराष्ट्रातल्या हिंदू वारसाहक्काचे निवाडे करताना याच 'मिताक्षरे'चा आधार घेतला.

मनुस्मृती आणखी तपशिलात जाते. दिवसा जनावराची जबाबदारी राखणाऱ्याची. रात्री ते मालकाच्या गोठ्यात असेल तर मालकाची, आणि राखणाऱ्याकडेच असेल तर त्याची. लांडग्यांनी शेळ्या-मेंढ्यांना घेरलं आणि राखणारा मदतीला धावलाच नाही, तर भरपाई त्याच्यावर. चोरांनी मात्र उघड दांडगाई करून जनावर नेलं, राखणाऱ्यानं आरडाओरडा केला, आणि वेळेवर जाऊन मालकाला ते सांगितलं, तर त्याच्यावर दोष नाही. जनावर मेलंच, तर राखणाऱ्यानं त्याचे कान, कातडं, शेपूट अशा खुणा आणून मालकाला दाखवायच्या.

शेवटचा नियम आज वाचताना अंगावर येतो. पण त्यातला विचार नीट बघा. जनावर मेल्याचं दुःख एकीकडे, आणि ते खरंच मेलं की परस्पर विकलं हा संशय दुसरीकडे. तो संशय मनात साचू नये म्हणून पुराव्याची पद्धत आधीच ठरवून ठेवली होती. आज त्या जागी पशुवैद्याचं प्रमाणपत्र आणि तारीख-वेळेसह फोटो येतील, पण गरज तीच आहे.

या सगळ्या नियमांत एक धागा आहे. मेहनताना आणि जबाबदारी एकमेकांना बांधलेली आहेत. पैसे नसतील तर राखणाऱ्याला दुधाच्या रूपानं मोबदला देण्याची सोयही मनूनं सांगितली आहे : मालकाच्या संमतीनं, दहा गाईंमागे एका चांगल्या गाईचं दूध. जनावरावर प्रेम असणं नसणं हा मुद्दा तिथे येतच नाही.

अर्थात, हे नियम कुणी लिहिले हेही विसरून चालणार नाही. ते लिहिणाऱ्यांच्या घरी गाई होत्या. गाई राखणारे ते नव्हते. त्यामुळे राखणाऱ्यानं काय करावं याची यादी लांबलचक, आणि मालकानं त्याला काय सांगावं, कसं वागवावं याची यादी तोकडी. गुराख्याचं काम गावाला रोज लागायचं, आणि तरीही 'गुरं राखणं' ही आपल्या भाषेत शिवी होऊन बसली. घरबसल्या जनावरं सांभाळणाऱ्यांना 'दिवसभर घरीच तर असता, कुत्र्याला दोन पोळ्या टाकायच्या, त्याचे एवढे पैसे?' असं जेव्हा ऐकावं लागतं, तेव्हा त्यामागे ही जुनी सवय बोलत असते.

गावाचे करार, छावणीची काळजी

गावात हे व्यवहार कागदावर नव्हते, पण पक्के होते. गुराखी साऱ्या गावाची गुरं सकाळी घेऊन जायचा आणि दिवेलागणीला घरोघर पोचती करायचा. त्याला बहुधा धान्याच्या रूपात मोबदला मिळायचा. शेळी अर्धलीनं देण्याची पद्धत अजूनही ऐकू येते. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि होणारी करडं दोघांत वाटून. धनगर मेंढरं घेऊन आला की शेतकरी ती आपल्या रानात बसवून घेतो. लेंड्या आणि मूत यांचं खत शेताला मिळतं, त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. अशा तोंडी करारात कुणाला काय मिळणार आणि नुकसान कुणाचं, हे दोघांनाही बोलणी होतानाच ठाऊक असायचं.

दुसऱ्याचं जनावर सांभाळण्याचा सर्वांत मोठा उद्योग मात्र लष्कराचा होता. मराठी सैन्यात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळे. म्हणजे बारगीर आणि पागेचे अधिकारी सतत दुसऱ्याचं जनावर सांभाळत असत, आणि पावसाळ्याच्या छावणीत तर महिनोन्‌महिने.

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं हे पत्र. शाळेत आपण त्यातला रयतेला त्रास न देण्याचा भाग शिकतो. पण ते पूर्ण वाचलं तर त्यातला मोठा भाग घोडे सांभाळण्याच्या हिशेबाचा आहे हे लक्षात येतं. दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळली तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडे उपाशी मरतील, आणि मग ते तुम्हीच मारल्यासारखे होतील, असा त्याचा रोख आहे. वैरण संपली की शिपाई रयतेकडून ओरबाडायला लागतील, हा पुढचा परिणाम. नंतर आगीचा इशारा येतो. कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, एवढ्यानं गवताच्या गंज्या पेटतील आणि सगळं संपेल.

मला या पत्रात प्रेमाच्या गोष्टी कुठे दिसत नाहीत. पण काळजी म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ मी क्वचितच वाचलं आहे. काय बिघडू शकतं याची आधी यादी करायची, अगदी उंदरापर्यंत, आणि जबाबदार माणसाला ती आधीच सांगून ठेवायची. नव्या बोर्डिंगवाल्याची यादी वेगळी असेल : बाल्कनीच्या जाळीतली फट, लिफ्टचं उघडं दार, टेबलावरची द्राक्षं आणि चॉकलेट (ही दोन्ही कुत्र्यांसाठी विषारी, आणि द्राक्षं तर नाशिकच्या घरात हंगामभर असतात), लस न झालेल्या पिल्लाला दुसऱ्याकडून लागणारा पार्व्हो. पण यादी करण्याची शिस्त तीच.

ज्यांना मालकच नव्हता

आतापर्यंत आपण ज्या जनावरांबद्दल बोललो, त्यांना मालक होता. ज्यांना नव्हता, त्यांच्यासाठी पश्चिम भारतात दुसरीच परंपरा उभी राहिली. ती पांजरपोळाची.

मुंबईतला तिचा इतिहास एका दंगलीपासून सुरू होतो. कंपनी सरकारनं उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिली होती आणि दर कुत्र्यामागे ८ आणे मिळत. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. ६ जून १८३२ ला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर फोर्ट भागात जमाव चालून गेला. झरतुष्टी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, गोऱ्या सैन्याचा पाव आणि पाणी अडवलं गेलं, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापारीही या बंदमध्ये होते.

दंगल शमली आणि त्यातून १८३४ मध्ये मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जिजीभॉय आणि जैन व्यापारी मोतीशा ही त्यामागची मोठी नावं. भुलेश्वरच्या गजबजाटात तो आजही आहे. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर लागा बसवला, म्हणजे दर व्यवहारामागे थोडी रक्कम, आणि त्यातून जनावरांचा खर्च चालू लागला.

नाशिकमध्ये पांजरपोळ आला १८७८ मध्ये. नाशिक पंचवटी पांजरपोळ संस्था आज प्रामुख्यानं गाईगुरांची आहे. तिची चुंचाळे शिवारातली सव्वाआठशे एकरांच्या आसपासची जमीन अंबड-सातपूरच्या कारखान्यांना लागून आहे. २०२३ मध्ये ती उद्योगांना द्यावी अशी मागणी पुढे आली आणि शहरात वाद पेटला. एका बाजूला रोजगार, दुसऱ्या बाजूला झाडं, तळी आणि जनावरं. आमच्यासारख्या आयटीवाल्यांचं नाव त्यात वारंवार घेतलं जात होतं, कारण नाशिकला आयटी पार्क हवा ही मागणीही जुनीच आहे. एकेकाळी गावाबाहेर असलेली जनावरांची जागा शहराच्या मध्यात आली की तिच्याकडे 'मोकळी जमीन' म्हणून बघितलं जातं, हे त्या वादात स्पष्ट दिसलं.

गुराखी आणि पांजरपोळ यांत मोठा फरक आहे. पांजरपोळात जनावर सोडलं की मालकाचा हक्क सुटतो. ते संध्याकाळी परत मागायला कुणी येत नाही. तिथे जनावराचा जीव हीच किंमत, मग ते दूध देवो न देवो. गुराख्याच्या व्यवहारात मात्र जनावर ही मालमत्ता, आणि हिशेब मालकाला द्यायचा. आपल्याकडे दुसऱ्याचं जनावर सांभाळण्याचे हे दोन वेगळे रस्ते झाले : एक मजुरीचा, एक धर्मादायाचा. आजचा पेट सिटर या दोन्ही रस्त्यांच्या चौकात उभा आहे. त्याच्याकडून भूतदया पांजरपोळाची अपेक्षित असते, जबाबदारी गुराख्याची, आणि दर मात्र ओळखीतला.

गाय, वासरू आणि खोडकर घोडा

नाशिकचा पांजरपोळ सुरू होण्याच्या थोडं आधी इंग्रजांचे दोन कायदे आले. दोन्ही आपल्या विषयाचे.

पहिला १८७१ चा, जनावरांच्या अतिक्रमणाचा. यातून गावोगावचे कोंडवाडे कायद्याच्या चौकटीत आले. कोंडवाडा म्हटलं की आपल्याला शिक्षा आठवते, पण कोंडवाडा राखणाऱ्यावर कामंही लादलेली होती. आलेल्या प्रत्येक जनावराची नोंदवहीत नोंद : वर्णन, दिवस आणि वेळ, कुणी आणलं, मालक ठाऊक असेल तर त्याचं नाव. जनावर ताब्यात असेपर्यंत त्याला चारा-पाणी. तो खर्च मालकाकडून वसूल. सात दिवसांत कुणी न्यायला आलं नाही तर पुढची कारवाई आणि शेवटी लिलाव. या कायद्यातल्या जनावरांच्या यादीत हत्ती, उंट, घोडे, शेळ्या, डुकरं सगळी आहेत. कुत्रा-मांजर नाही.

दुसरा १८७२ चा भारतीय करार कायदा. १ सप्टेंबर १८७२ पासून तो लागू आहे आणि आजही आपल्या प्रत्येक ऑनलाइन खरेदीच्या मागे तोच उभा असतो. एखादी वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं, काम झालं की ती परत घेणं, या व्यवहाराला त्यात बेलमेंट म्हटलं आहे. कलम १४८ पासून पुढची कलमं त्याचीच. जुन्या शास्त्रांनी वेगळे ठेवलेले दोन विषय इथे एक झाले. थैली आणि गाय दोन्ही 'माल' ठरल्या. पण कायदा समजावताना दिलेली उदाहरणं पाहिली तर त्यात जनावरं पुन्हा पुन्हा डोकावतात.

कलम १५१ म्हणतं, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी घ्यायची. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' हे या कलमाला मान्य नाही. तेवढी काळजी घेतली असेल, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर झालेल्या नुकसानीचा दोष सांभाळणाऱ्यावर येत नाही.

कलम १५४ च्या उदाहरणात एकानं दुसऱ्याला घोडा फक्त त्याच्या स्वतःच्या रपेटीसाठी दिला. त्यानं तो घरातल्या माणसाला दिला. त्या माणसानं जपून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई द्यावी लागेल, कारण ठरल्यापेक्षा वेगळा वापर झाला. 'माझ्या घरी ठेवतो' असं सांगून कुत्रा त्र्यंबक रोडवरच्या मित्राच्या फार्महाऊसवर पाठवणाऱ्यानं हे वाचून ठेवावं.

कलम १५८ सांगतं की मोबदला न घेता सांभाळलं, तर त्यावर झालेला आवश्यक खर्च मालकानं परत करायचा. म्हणजे मैत्रीखातर ठेवलेल्या मांजराच्या औषधाचे पैसे मागण्यात काही गैर नाही. कलम १६३ मध्ये एकानं दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली आहे. तिला वासरू झालं. वेगळा करार नसेल तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यायचं. अर्धलीनं दिलेली शेळी हा तो 'वेगळा करार', आपल्या खेड्यांचा.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आहे कलम १५०. मालकाला आपल्या वस्तूतले जे दोष ठाऊक आहेत आणि ज्यांनी समोरच्याला धोका पोचू शकतो, ते त्यानं सांगितलेच पाहिजेत. उदाहरण पुन्हा घोड्याचं. घोडा खोडकर, लाथा झाडणारा आहे हे मालकाला माहीत आहे, पण घेणाऱ्याला तो सांगत नाही. घोडा उधळतो, स्वार पडतो, जखमी होतो. भरपाई मालकानं द्यायची. शतकानुशतकं राखणाऱ्याच्याच कर्तव्यांची यादी वाढत होती. इथे मालकाचं कर्तव्य ठसठशीतपणे लिहिलं गेलं. 'तसा कुणाला करत नाही काही, फक्त जेवताना जवळ जायचं नाही' हे दारात उभं राहून, बॅग हातात असताना, शेवटच्या मिनिटाला सांगायची गोष्ट नव्हे.

तिसरा पक्ष

मालक आणि राखणारा यांच्यात हे सगळं ठरलं, तरी ज्याच्यावरून ठरतंय त्याचं काय? मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था, म्हणजे एसपीसीए, सुरू झाली. १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याला लागून पशुवैद्यकीय महाविद्यालय. १८९० मध्ये क्रूरतेविरुद्ध देशासाठी कायदाही झाला, पण त्याचा रोख मुख्यतः रस्त्यावर, लोकांना दिसेल अशा जागी होणाऱ्या क्रूरतेवर होता. बंद दाराआड काय चालतं हा त्याचा विषय नव्हता.

तो विषय झाला १९६० मध्ये. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीतून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यातल्या दोन जागा पेट सिटरनं पाठ कराव्यात अशा आहेत. कलम ३ नुसार, ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली प्राणी आहे अशा प्रत्येकानं त्याच्या सुखरूपतेसाठी योग्य ती सगळी काळजी घ्यायची आहे. आणि 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत प्राणी त्या वेळी ज्याच्या ताब्यात आहे तो माणूसही येतो. चार दिवसांसाठी कुत्रा तुमच्याकडे आला की त्या चार दिवसांपुरते कायद्याच्या नजरेत तुम्हीही मालक. उपाशी ठेवणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं, यांची जबाबदारी 'माझा नाहीच तो' म्हणून झटकता येत नाही. त्यावरचा पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, हे मात्र १९६० चं भूत अजून मानगुटीवर बसल्याचं लक्षण.

पुढे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये आणि प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम आले. त्यांचा रोख पैदास आणि विक्रीवर आहे, राखणीवर नाही. ब्रिटननं प्राणी ठेवून घेणाऱ्यांसाठी १९६३ मध्येच वेगळा परवाना कायदा केला. त्यात नोंदवही सक्तीची होती : प्राण्याचं वर्णन, आल्याची आणि गेल्याची तारीख, मालकाचं नाव-पत्ता. आपल्या १८७१ च्या कोंडवाड्याची नोंदवही आठवते ना? २०१८ मध्ये इंग्लंडच्या नव्या नियमांत घरी कुत्री सांभाळणाऱ्यांनाही स्पष्टपणे परवाना लागू झाला. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेट सिटरची बाजू मांडायला त्याच्या हातात त्याची स्वतःची शिस्त एवढंच साधन आहे. स्वतःचं कुत्रं पाळण्याला सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये सांगितलं. पण दर आठवड्याला लिफ्टमधून नवा कुत्रा वर जात असेल, तर शेजाऱ्यांनी विचारलेले प्रश्न रास्त ठरतात. कोण आलंय, लस झालीय का, किती दिवस, याची वही दाखवता आली तर अर्धं भांडण तिथेच संपतं.

विश्वास असला तरी

'ओळखीतच तर देतोय, कागद कशाला?' हा आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद. लिहून मागितलं की अविश्वास दाखवला असं वाटतं. याचं उत्तर नाशिकच्याच डोंगरात आहे.

पांडवलेण्यांतल्या दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. लेखात त्याची ओळखच तीन लाख गाई दान देणारा अशी आहे. एवढा मोठा माणूस. त्यानं ३००० कार्षापणं भिक्षूंसाठी कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडच्या पुढचं आजचं गाव. राजाचा जावई आणि गावचे विणकर यांच्यातला हा व्यवहार केवळ शब्दावर सोडलेला नाही. दोन श्रेणी, एकीकडे २०००, दुसरीकडे १०००, दोघींचे व्याजाचे दर वेगवेगळे, मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि ते कशावर खर्च करायचं, सगळं कोरलेलं आहे. शिवाय हे निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं, असंही त्यात आहे. विणकरांवर विश्वास नसता तर त्यानं कायमची ठेव ठेवलीच नसती. विश्वास होता, म्हणूनच कशाबद्दल विश्वास ठेवला ते लिहिलं.

पेट सिटरला दगड कोरायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान पुरेल. जनावर कुठल्या अवस्थेत आलं : वजन, लस, चालू औषधं, दोन फोटो. मालकाला ठाऊक असलेल्या खोडी : चावणं, पळणं, फटाक्यांची भीती. ते कुठे राहील आणि दुसऱ्या कुणाकडे दिलं जाईल की नाही. आजारी पडलं तर कुठल्या डॉक्टरकडे, किती खर्चापर्यंत न विचारता, आणि पैसे कोण देणार. काही झालं तर किती वेळात कळवायचं. मालक ठरल्या दिवशी आलाच नाही तर पुढच्या दिवसांचं काय. आणि दर, जो मागताना आवाज खाली जायला नको.

यातली एकही ओळ मी शोधून काढलेली नाही. ताब्यात देतानाची अवस्था याज्ञवल्क्यानं सांगितली, वेळेवर कळवणं मनूनं, काय बिघडेल याची यादी हलवर्णच्या पत्रानं, नोंदवही कोंडवाड्यानं, खोड सांगण्याची सक्ती १८७२ च्या कायद्यानं. एक गोष्ट फक्त त्यांतल्या जुन्या कुणी नीट विचारात घेतली नव्हती. गाय, घोडा, शेळी यांना त्या चार दिवसांत काय वाटत असेल, ही. लहान फ्लॅटमध्ये, अनोळखी वासांत, दाराकडे तोंड करून बसलेल्या कुत्र्याला हा करार वाचता येत नाही. तो खातोय का, झोपतोय का, शेपूट पोटाखाली आहे की हलतंय, हे रोज बघून मालकाला खरं सांगणारं माणूस हवं. त्या कामाला वेळ लागतो, नजर लागते, आणि त्याचा मोबदला देण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.